अक्कांनी माफ केलं नव्हतं

अक्कांच्या शोकसभेला खोकीशेठ अध्यक्ष म्हणून येणार आहे, हे धाकटीला कळलं तेव्हा ती भाड्यानं आणलेल्या खुर्च्या पुसत होती. घरातल्या कुणी सांगितलंच नाही. खुर्च्या उतरवणाऱ्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "शेठची गादीची खुर्ची कुठं ठेवू? मधोमध ना?"

"कुठले शेठ?"

"व्यापारी संघाचे. खोकीशेठ. दादाच म्हणाले, त्यांच्या पाठीला साधी खुर्ची चालत नाही म्हणून."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फडकं खुर्चीवर टाकून ती बाइंडिंगच्या शेडमधून सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेली. दादा, तिचे मोठे दीर, तिथं इस्त्रीचा शर्ट घालत होते. वन्सं मोरीशी बसून कप विसळत होत्या. धाकटीचा नवरा दारात उभा राहून दोघांचं ऐकत होता, म्हणजे नेहमीसारखा कुणाचंच ऐकत नव्हता.

"दादा, खोकीशेठला बोलावलंत?"

"बोलावलं."

"अक्कांच्या सभेचा अध्यक्ष म्हणून?"

"संघाचा अध्यक्ष आहे तो. गल्लीत कुणाचीही सभा असली तरी त्यालाच बसवतात." दादांनी बाहीची गुंडी लावली. "अक्का आता नाही. तिची भांडणंही तिच्याबरोबर गेली. तो येईल, दोन शब्द बोलेल, हात जोडेल, जाईल. आणि एक लक्षात ठेव. संघाच्या सगळ्या वह्यांचं काम आपल्याकडं परत यायचं चाललंय. शेठनं स्वतः शब्द दिलाय. तेव्हा आजच्या दिवस जीभ आवर."

"कुणाला विचारून ठरवलंत हे?"

"माझी आई होती ती. तुला विचारायला पाहिजे होतं?"

वन्संनी मान वर न करता म्हटलं, "दादाचं बरोबर आहे. सभेत तमाशा नको."

वन्संचं आणि धाकटीचं लग्नापासून एक दिवस धड जमलं नव्हतं, त्यामुळं तिकडून मदतीची आशा नव्हतीच. धाकटीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला बायको आणि भाऊ यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की हटकून एखादं काम आठवायचं.

"सतरंज्या कमी पडतील बहुतेक," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

धाकटी परत शेडमध्ये आली. कटिंग मशीनवर पांढरी चादर टाकली होती. न शिवलेल्या पुस्तकांचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते. कितीही धुतलं तरी सरसाचा वास फरशीतून जात नव्हता. समोरच्या टेबलावर अक्कांचा फोटो होता आणि तो पाहून तिचा जीव आणखीच जळला. थोरल्या जावेनं स्टुडिओत देऊन तो दुरुस्त करून आणला होता. मूळच्या फोटोत अक्कांच्या कपाळावर आठी होती आणि फोटो काढणाऱ्याकडं त्या अशा बघत होत्या, जणू त्यानं काहीतरी चोरलंय. स्टुडिओवाल्यानं आठी पुसली, गाल भरले आणि ओठांना हसू चिकटवलं. टेबलावर बसलेली ती गोड म्हातारी धाकटीनं जन्मात पाहिली नव्हती.

तिच्या ओळखीच्या अक्का गोड कधीच नव्हत्या. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्यांनी तिला छापलेल्या कागदांसमोर बसवलं होतं आणि तिनं दुपारभर घातलेल्या घड्या एका हातानं विस्कटून टाकल्या होत्या. "ह्या घड्या आहेत का चोळामोळा? परत घाल." दोघींचं इतकं वाजायचं, की एकदा त्या महिनोन्‌महिने एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एकाच खोलीत बसून नवऱ्यामार्फत निरोप चालायचे. "तिला सांग, भाजीत मीठ नाही." "त्यांना सांगा, मीठ समोर आहे." तो बिचारा जेवता जेवता दोन्हीकडं माना वळवायचा. धाकटीचं पोर तापानं फणफणलं होतं त्या दिवशीसुद्धा अक्का कोर्टात तारखेला गेल्या होत्या, आणि ते तिनं त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. त्यांनीही ऐकून घेतलं नाही कधी. उलट म्हणाल्या, "पोरापाशी तू होतीस. त्या दोघींपाशी कोण होतं?"

त्या दोघी म्हणजे आगीत गेलेल्या.

धाकटी या घरात येण्याच्या कितीतरी आधीची ती गोष्ट. बाइंडरीच्या भिंतीला लागून खोकीशेठचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. आत बायका काम करायच्या. वेळेआधी कुणी उठून जाऊ नये म्हणून शेठ दाराला बाहेरून कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात ठेवून जेवायला जायचा. एका दुपारी खळ शिजवायच्या शेगडीनं पुठ्ठे पेटले. आतून दार बडवल्याचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. अक्का पुस्तकं दाबायच्या प्रेसची लोखंडी दांडी घेऊन धावल्या आणि त्यांनी कुलूप तोडलं. बायका बाहेर आल्या, भाजलेल्या, घुसमटलेल्या, पण आल्या. दोघी आल्या नाहीत.

सुरुवातीला निम्म्या गल्लीनं जबान्या दिल्या. मग एकेकाला एकेक अडचण आठवली. कुणाला नीट दिसलं नव्हतं, कुणी त्या दिवशी गावालाच गेलं होतं. शेवटी एकट्या अक्का उरल्या. कुलूप बाहेरून होतं, एवढं एकच वाक्य त्या वर्षानुवर्षं प्रत्येक साहेबासमोर जाऊन सांगत राहिल्या. संघानं बाइंडरीचं काम तोडलं, वाण्यानं उधारी बंद केली, लोक त्यांना तोंडावर वेडी म्हणाले. निकाल लागला तो अपघात म्हणून. तरी बाई हटली नाही. निकालानंतर तिनं नवीच खोड लावून घेतली. रोज सकाळी पायात चपला सरकवायच्या आणि गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याचं दार हातानं ढकलून बघायचं. उघडलं तर पुढं. नाही उघडलं तर तिथंच ठिय्या, मालक येऊन उघडेपर्यंत. कारखान्यांतल्या बायका तिला दारवाली म्हणायच्या. मालक काय म्हणायचे ते सांगण्यासारखं नाही.

असली ही बाई. आणि तिच्या शोकसभेत मधोमध खोकीशेठ बसणार होता, गादीच्या खुर्चीवर.

सभेला माणसं पुष्कळ आली. पुढच्या रांगांत संघाचे व्यापारी बसले. मागं, दाराजवळ, आसपासच्या कारखान्यांतल्या बायका सुट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांच्यात एक बुटकी म्हातारी होती. तिचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत सुरकुतलेला, चकचकीत. त्या दुपारी बाहेर आलेल्यांपैकी ती आता एकटीच गल्लीत राहिली होती. थोरल्या जावेनं तिला लगबगीनं मागच्या रांगेत बसवलं आणि वर गोड आवाजात म्हणाली, "मावशी, बोलणारी माणसं ठरलेली आहेत हं."

खोकीशेठ सगळ्यांत शेवटी आला. वयानं वाकला होता, पण आवाज अजून खणखणीत होता. त्यानं फोटोसमोर बराच वेळ हात जोडले. दादांच्या खांद्यावर हात ठेवला. एक मास्तर बोलले, एक छापखानेवाले बोलले. अक्का किती कष्टाळू, किती सोशिक, मुलांसाठी कशा झिजल्या. सोशिक हा शब्द आला तेव्हा मागं बसलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं करून दाबलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिनं दातांखाली ओठ धरला होता.

मग खोकीशेठ उठला.

"बाई माझ्या धाकट्या बहिणीसारखी," त्यानं सुरुवात केली. "शेजारधर्म काय असतो तो मी तिच्याकडून शिकलो. आमच्यात मध्यंतरी एक गैरसमज झाला, सगळ्यांना माहीत आहे. मी कधी मनात ठेवलं नाही. आणि आज मला सांगायला समाधान वाटतं, की शेवटी तिच्याही मनातून ते गेलं होतं. ती अंथरुणावर असताना मी भेटायला आलो होतो. तिनं माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, शेठ, तो अपघातच होता. मी उगाच तुम्हाला बोल लावला."

पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी कौतुकानं माना हलवल्या. दादा फरशीकडं बघत होते.

धाकटीच्या कानात काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. कारण त्या दिवशी खोलीत ती होती. शेठ फळांची करंडी घेऊन आला, पलंगाशेजारी बसला आणि म्हणाला, जुनं सगळं सोडून देऊ या. अक्कांचा आवाज तेव्हा अगदी बसला होता. त्यांनी शेठकडं पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून धाकटीला म्हणाल्या, "यांना विचार, कुलूप कुणी घातलं होतं." शेठनं करंडी जरा पुढं सरकवली. त्यांनी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही, तो उठून गेला. आणि अक्कांनी धाकटीला करंडी घेऊन त्याच्या मागं पिटाळलं होतं, ती त्याच्या गाडीत ठेवून येईपर्यंत डोळे मिटले नव्हते.

निम्मं आयुष्य या बाईनं एक वाक्य धरून ठेवलं होतं. त्यासाठी घर उपाशी ठेवलं, पोरांच्या शिव्या खाल्ल्या, सुनेशी भांडली. जिवंतपणी ते तिच्या तोंडून कुणाला फिरवून घेता आलं नाही. आता ती मेल्यावर हा माणूस तिच्या घरात, तिच्या फोटोसमोर उभा राहून तिची साक्ष फिरवत होता.

"खोटं आहे हे," धाकटी म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण माइकशिवायही ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"खाली बस," दादा दबक्या आवाजात म्हणाले.

"मी उभीच आहे सकाळपासून. शेठ, त्या खोलीत मी होते. अक्कांनी तुमचा हात धरला नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली, तीही माझ्यामार्फत, कारण तुमच्याशी बोलायची त्यांची तयारी नव्हती. काय विचारलं ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

खोकीशेठनं दयेनं मान हलवली. "दुःखात माणसाला भान राहत नाही. घरातल्या बायकांचं तर—"

"कुलूप कुणी घातलं होतं, असं विचारलं. दोनदा विचारलं. तुम्ही उत्तर न देता उठून गेलात. आता द्या."

"दादासाहेब, तुमच्या घरातला मामला तुम्ही बघा," खोकीशेठ म्हणाला. त्याचा आवाज आता तेवढा गोड राहिला नव्हता.

दादा उठले, धाकटीकडं आले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. ते काही बोलणार तेवढ्यात वन्सं मध्ये आल्या. कप विसळून ओले झालेले हात त्यांनी पदराला पुसले आणि सरळ खोकीशेठला विचारलं, "अपघात म्हणाली? हाच शब्द?"

"हाच."

"आणि मी उगाच बोल लावला, असंही म्हणाली?"

"देवाशपथ."

"मग ती माझी आई नव्हती," वन्सं म्हणाल्या. "माझ्या आईनं उभ्या जन्मात 'माझं चुकलं' असं कुणाला म्हटलं नाही. आम्हाला विनाकारण मारलं तरी म्हणायची नाही. रात्री येऊन पाठीला तेल लावायची, पण तोंडानं म्हणायची नाही. ती तुम्हाला कशाला म्हणेल?" मग त्या धाकटीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी इतक्या जवळ आजवर कधीच उभ्या राहिल्या नसतील. एकमेकींकडं त्यांनी पाहिलं मात्र नाही.

मागच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. खोकीशेठनं ती ऐकली, इकडंतिकडं पाहिलं आणि खांद्यावरची शाल नीट केली. "बोलावून अपमान करायचा असेल तर आम्हाला कामं आहेत," तो म्हणाला. तो निघाला तसे पुढच्या रांगांतले व्यापारी एकेक करून उठले. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी फोन कानाला लावला. दारातून जाताना शेठ दादांना म्हणाला, "वह्यांचं तुम्ही आता दुसरीकडं कुठंतरी बघा." तेवढं मात्र त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मागच्या बायका जागच्या हलल्या नाहीत.

"झालं समाधान?" दादा धाकटीला म्हणाले. "मोठं नाव काढलंस. उद्यापासून या मशीनवर काय कापायचं? तुझी जीभ?"

"मग काय करायला पाहिजे होतं? त्यानं त्यांच्या तोंडात शेण कोंबलं, आणि मी टाळ्या वाजवू?"

"तुला काय माहिती आहे? तू आलीस तेव्हा सगळं निस्तरलं होतं. आम्ही निस्तरलं होतं. मी नववीत होतो. वर्गात पहिला यायचो. संघानं काम तोडलं, कामगार सोडून गेले, आणि तिनं मला शाळेतून काढून या मशीनवर उभं केलं. माझ्याबरोबरची पोरं इंजिनियर झाली. मी आयुष्यभर कागदाच्या कडा कापतोय. ती लढली म्हणून सगळे गातात. तिच्या लढाईत कोण कोण चेंगरलं ते कुणी विचारलं का? मला राग येतो तिचा. ऐकायचंय? ती गेली त्या दिवशीसुद्धा मला राग येत होता."

हे धाकटीनं कधी ऐकलं नव्हतं. दादा चिडके, दादा हिशेबी, दादा आखडू, एवढंच तिला माहीत होतं. तिचा स्वतःचा संताप जरा मागं सरला, पण गेला नाही.

"मग तेच बोलायचं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तिथं उभं राहून हेच बोलायचं होतं. माझ्या आईनं माझी शाळा बुडवली, मला तिचा राग येतो, असं. ते खरं तरी झालं असतं. मीही तुमच्या शेजारी उभी राहून माझं सांगितलं असतं. माझ्याकडं काय कमी आहे? पण तुम्ही त्याला आणून बसवलंत. त्याला काय अधिकार त्यांना चांगलं म्हणायचा?"

धाकटीचा नवरा सतरंजीची घडी हातात घेऊन जवळ आला होता. आज त्याला कुठलं काम आठवलं नाही.

"दादा," तो हळूच म्हणाला, "शेठ म्हणतोय अपघात. तू तर तेव्हा तिच्या मागं धावला होतास."

दादा वळले आणि माइककडं गेले. सभा संपली असं जाहीर करायला चाललेत, असंच सगळ्यांना वाटलं. माइकवाला तारा गुंडाळायला वाकलाही होता.

"थांब जरा," दादा त्याला म्हणाले.

मग ते बोलायला लागले, पाठ केलेलं नसल्यामुळं अडखळत, रागानं.

"माझी आई सोशिक नव्हती. भांडखोर होती. तिनं आमचं भलं केलं असं मला अजून वाटत नाही. ते माझं मी बघेन. पण मघाशी इथं सांगितलं गेलं की तिनं शब्द फिरवला. तिनं फिरवला नाही. आणि दुसरी गोष्ट. कुलूप तिनं तोडलं तेव्हा मी तिच्या मागं उभा होतो. कुलूप बाहेरून होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. आतून कुणीतरी दाराच्या फटीतून बोटं बाहेर काढली होती, तीही पाहिली. मला कुणी कधी विचारलं नाही. पोलीस घरी आले की अक्का मला मागच्या दारानं मावशीकडं पाठवायची. म्हणायची, गल्लीच्या शिव्या खायला एक माणूस पुरे आहे. मी समजायचो, तिला माझी अडचण होतेय." त्यांनी माइकची दांडी घट्ट धरली होती. "आता ती नाही. तर मी सांगतो. कुलूप बाहेरून होतं. ज्याला माझं काम तोडायचं असेल त्यानं तोडावं."

कर्णा गल्लीकडं तोंड करून लावला होता. बाहेर, समोरच्या कारखान्याच्या दारात, माणसं येऊन उभी राहिली होती. वन्सं तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि रडता रडता धाकटीच्या दंडाला त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की ती कळवळली.

दादा माइकपासून बाजूला झाले आणि धाकटीसमोर येऊन थांबले.

"तू वागलीस ते मला पटलेलं नाही," ते म्हणाले.

"नका पटवून घेऊ."

"उद्या कामगार विचारतील, पुढं काय. त्यांना तू सांगायचंस."

"सांगेन."

मागच्या रांगेत हालचाल झाली. ती बुटकी म्हातारी उठली होती. थोरली जाऊ तिला अडवायला पुढं झाली, पण दादांनीच हातानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. म्हातारी रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आली. माइकवाल्यानं दांडी खाली, आणखी खाली केली. तिनं सुरकुतलेला हात पदराआड घेतला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाहेर काढला.

"आधी नाव सांगायचं का?" तिनं विचारलं.

"सांगा की," वन्सं म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा."